चालू हालतीतली मोटार

निजामशाहीच्या उतरत्या काळात, ज्येष्ठातल्या एका सकाळी, कळमनुरीच्या सडकेवर सावरपिंपळा गावाच्या शिवारात एका सरकारी मोटारीचं इंजिन वरिष्ठांची मंजुरी न घेता बंद पडलं.

मोटार निगराणी खात्याची होती. हे खातं नेमकी कशाची निगराणी करतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळेच त्याला भिऊन असत. मोटारीत मागच्या गादीवर खात्याचे मोठे अंमलदार नाजिमसाहेब बसले होते. शेजारी गुडघ्यावर दफ्तर घेऊन त्यांचे पेशकार राधाकृष्णराव. साहेबांना आलेली शिंकसुद्धा हुकमाच्या भाषेत मांडून देणारा हा माणूस. पुढं ड्रायव्हर धर्मसिंग. तालुक्यातले रस्ते मोटार चालण्याजोगे आहेत की नाहीत, हे बघायला हा दौरा निघाला होता. रस्ता चालण्याजोगा होता. मोटार नव्हती.

इंजिन आधी खोकलं. मग पोटात कुणी घण घालावा तसा आवाज झाला, वरून धूर आणि खालून तेलाची धार लागली. धर्मसिंगानं झाकण उघडून आत पाहिलं आणि हात जोडले.

"क्या हुआ?" साहेबांनी आतूनच विचारलं.

"हुजूर, अंदर का दांडा टूटा, पेट फाड के बाहर आया. खतम."

"खतम म्हणू नका!" पेशकार ओरडले. "खतम झालं की नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण? मोटार सरकारी आहे. दुरुस्त करायची की भंगारात काढायची, याचा फैसला मुलाहिजा, म्हणजे तपासणी, झाल्यावर होईल. मुलाहिजा कचेरीत होतो. सबब मोटारीनं कचेरीत हजर व्हावं."

"चल के?" धर्मसिंगानं विचारलं.

"कसंही. पण हजर."

याच वेळी संतराम आपली बैलजोडी घेऊन शेताकडं निघाला होता. माणसाचं नशीब खोटं असलं की तो अशाच वेळी शेताकडं निघतो. एकाचं नाव हरण्या, दुसऱ्याचं गुलब्या. पेरणी तोंडावर आलेली, आणि ह्या जोडीशिवाय संतरामच्या रानात काडी हलत नव्हती.

त्या काळी वेठ नावाची एक सोय होती. सोय सरकारची, बैल रयतेचे. गावचे पाटील व्यंकटराव धुराचा वास येताच धोतर सावरत हजर झाले होते. त्यांनी बैलांकडं पाहिलं, मग साहेबांकडं पाहिलं, आणि त्यांना रयतेची कर्तव्यं आठवली.

"संतराम, जुंप."

"पाटील, पेरनी हाय वो."

"अरे, कचेरीपोतर तं जायचं हाय. सरकारची मोटार हाय ती, काही तुझ्या सासऱ्याचं गाडं न्हाई."

संतरामनं पेशकारांना हात जोडले. "मालक, बैलं कवा सोडता?"

"मोटारीचा फैसला झाला की त्याच घटकेला," पेशकार म्हणाले. "दुरुस्ती ठरो नाहीतर भंगार ठरो, आम्हाला तुमच्या बैलांचं काय करायचंय?"

जुवाला दोरखंड बांधून मोटार जुंपली. साहेब आतच बसून राहिले, कारण अंमलदार उतरला तर दौरा संपतो. धर्मसिंगानं चक्र धरलं, हॉर्न वाजवला, आणि संतराम पुढं "हो, हो" करत चालू लागला.

कचेरीपुढं पाच पंच उभे केले. पंच म्हणजे ज्यांना दुसरीकडं जायची घाई असते आणि म्हणून जे पहिल्याच प्रश्नाला होकार देतात ती माणसं. पेशकारांनी कायदा समजावून सांगितला. मोटार चालत नसेल तरच दुरुस्ती. मोटार चालत नसेल तरच भंगार. म्हणजे आधी ती चालते की नाही, ते बघायचं.

"चलाव," साहेब म्हणाले.

धर्मसिंगानं हॉर्न वाजवला. हरण्या-गुलब्या दचकून निघाले. मोटारीनं कचेरीला एक गिरकी घातली, पिंपळाखालून वळली आणि जागेवर येऊन उभी राहिली.

"पंचहो, मोटार चालली का?"

पंचांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. खोटं कसं बोलणार? "चालली," ते म्हणाले.

"मग भंगार नाही. आणि चालू मोटारीला दुरुस्ती कशाची? मोटार चालू हालतीत आहे." पेशकारांनी दौत झाकली.

संतरामचा जीव भांड्यात पडला. तो जू उतरवायला पुढं झाला.

"ए! काय करतोस?"

"फैसला झाला न्हवं मालक? बैलं सोडतो."

"बैल सोडले तर मोटार बंद पडेल."

"पडंल न्हाई तं काय?"

"चालू हालतीतली सरकारी मोटार जाणूनबुजून बंद पाडणं हा गुन्हा आहे. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. ठाऊक नसणं हाही गुन्हाच आहे."

 संतराम गावाकडं निघाला. हातात फक्त चाबूक होता. तोही पेशकारांनी फाटकातून हाक मारून परत मागितला. तो मोटारीचा भाग होता.

घरी शकुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, अंगणात रिकामी दावण पाहिली. "बैलं कुठं हायत?"

"मोटारीत."

"मोटारीत? बसले का काय?"

"बसले न्हाईत. बैलं आता इंजिन झाले."

"आन् तुमी काय झाले?" शकुबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

पुढची अडचण दाण्यापाण्याची. मोटारीला मंजुरी पेट्रोलची होती, कडब्याची नव्हती. नियमाप्रमाणं पेट्रोलचा डबा हरण्यापुढं ठेवण्यात आला. हरण्यानं वास घेतला आणि अशी फुरफुर केली की पेशकारांच्या अंगरख्यावर नक्षी उठली. पेट्रोल मग पेशकार घरी नेऊ लागले. त्याचं तिथं काय होत होतं ते विचारायची कुणाची छाती नव्हती. शकुबाई गावाहून डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या आणू लागली, तर पेशकारांनी तिला अडवलं.

"बाई, सरकारी मोटारीत तुम्ही खाजगी जळण घालताय. ही भेसळ आहे."

"मंग उपाशी मारता का माझ्या बैलायला?"

"बैल म्हणू नका."

"बरं बाप्पा, तुमच्या इंजिनाला! त्याला दुपारी पानीबी लागतं आन् त्याच्या मानंवर माशा बसतात. हाकला तुमी बसून."

पुढं शेणाचंही प्रकरण झालं. मोटारीखालून वारंवार गळती होते, अशी तक्रार वर गेली. वरून उत्तर आलं की गळणारं वंगण वाया जाऊ देऊ नये, जपून ठेवावं. तेव्हापासून कचेरीच्या मागं सरकारी वंगणाचा ढीग वाढू लागला आणि त्यावर पहारा बसला. गोवऱ्या थापायला चिमूटभर शेण उचललं म्हणून एका म्हातारीला दिवसभर पायरीवर बसवून ठेवलं. ती उठताना म्हणाली, "आसं दामटून ठिवलेलं शेन म्या आजवर फकस्त हितंच पाह्यलं." तिचा रोख मागच्या ढिगाकडं होता की पुढच्या खुर्च्यांकडं, यावर कचेरीत आजही दोन मतं आहेत.

इकडं साहेबांना मोटार आवडू लागली. आधी ती भर्रकन जायची आणि लोकांनी केलेले सलाम धुळीला लागायचे. आता प्रत्येक सलाम नीट घेता यायचा, आवडला तर थांबून पुन्हा घेता यायचा. शिवाय ही मोटार नाल्यात उतरायची, बांधावर चढायची, चिखलातून निघायची. साहेबांनी वर कळवलं की तालुक्यातले सगळे रस्ते मोटारीला लायक आहेत, जिथं रस्ते नाहीत तेसुद्धा. त्यामुळं रस्ते बांधायचं काम तेवढं वाचलं.

मृग लागला तरी संतरामचं रान तसंच पडलेलं. दर बाजाराला तो कचेरीत जायचा आणि विचारायचा, "फैसला?" पेशकार म्हणायचे, "मोटार चालू आहे ना? मग?" शेवटी संतरामनं डोकं चालवलं.

"मालक, बैलं सोडू नका. पन मोटारीसकट द्या एक दिवस. पेरून घेतो."

पेशकारांनी कायदा आठवून पाहिला. मोटारीनं शेतात जाऊ नये असं कुठंच म्हटलेलं नव्हतं. दौरा तो दौरा.

असली पेरणी मराठवाड्यानं कधी पाहिली नव्हती. पुढं हरण्या-गुलब्या, मागं मोटार, मोटारीच्या मागं दोरानं बांधलेली तिफण, आणि तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी शकुबाई. आत साहेब घोरत होते. धर्मसिंगाला सरळ जायची सवय नव्हती, तो हॉर्न वाजवत डावीकडं वळवायचा, बैल उजवीकडं ओढायचे, आणि ज्वारीचं तास सापासारखं वळायचं.

"आवो डायवर, सरळ हाका ना!" शकुबाई ओरडायची.

"बाई, ये मोटार है, नांगर नहीं!"

"मंग माझ्या रानात काहून येऊन राहिली?"

 धर्मसिंगानं हॉर्न वाजवला.

ज्वारी उगवली ती चाकांच्या चाकोरीत दाबून, वाकडीतिकडी, पण उगवली. आता गावानं संतरामची कीव करायला हवी होती. गावानं केली नाही. उलट सावरपिंपळ्याची मान ताठ झाली. शेजारच्या कुरुंद्याकडं हळद होती, शिरड शहापुराकडं भाजीचं माळवं होतं, पण सरकारी मोटारीचं इंजिन फक्त सावरपिंपळ्याचं होतं. बाजाराच्या दिवशी मोटार गावावरून गेली की पाटील तिच्या पायरीवर चढून बसत, मागं चारदोन जण लोंबकळत, आणि कळमनुरीच्या बाजारात तोंड वर करून उतरत.

"पाटील, माझ्या बैलांचं काही बोला ना साहेबापाशी," संतराम म्हणाला.

"बोलतो ना. पन संतराम, जरा गावाकडं पाय. आपली लेकरं मोटारीत बसून राहिली."

"ओढतंय कोन? माझी बैलं."

"म्हनूनच तं तुझं नाव हाय!"

श्रावण सरत आला आणि संतरामला पोळा आठवला. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पाटलाच्या बैलाच्या नाही, राजाच्या बैलाच्याही नाही. सणादिवशी बैल सोडले की मोटार थांबणार. थांबलेली मोटार पंच बघणार. चालत नाही म्हणणार. मग दुरुस्त करा नाहीतर भंगारात घाला, बैल घरी. किती महिन्यांनी तो शकुबाईपुढं हसला.

कचेरीत पेशकार आधी "बैल" शब्दावरून अडले. पण तेही गावाकडचेच. दारचा बैल पोळ्याला जुंपला तर वंश बुडतो, हे त्यांच्या आईनं त्यांना कायद्याच्या आधी शिकवलं होतं. शिवाय पाटलांकडून पुरणपोळीचं बोलावणं होतं. ठरलं. आदल्या संध्याकाळी मोटार सावरपिंपळ्याला आली.

वेशीत तोरण बांधलेलं होतं. संतरामनं तिथंच, तोरणाच्या अलीकडं, भर वेशीत मोटार थांबवली आणि कुणी पुन्हा विचार बदलायच्या आत जू उतरवलं. पुढं काय होईल याचा विचार त्यानं केला नाही. हरण्याच्या मानेवर तळहाताएवढा घट्टा पडला होता. घरी आणून शकुबाईनं दोघांचे खांदे लोणी-हळदीनं मळले आणि कानाशी लागून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." गुलब्यानं तिचा पदर चाटला. शकुबाईनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बैल न्हाले, रंगले, बाशिंगं बांधून वेशीकडं निघाले. वाजंत्री पुढं, बैल मागं, माणसं दोन्हीकडं. आणि वेशीत मोटार बुचासारखी बसलेली. आत साहेब, सणाचे कपडे घालून. पेशकारांनी गावातलेच पाच पंच पुढं बोलावले. त्यात पाटील पहिले.

"चलाव," साहेब म्हणाले.

धर्मसिंगानं हॉर्न वाजवला. मोटार हलली नाही.

संतराम दोन पावलं पुढं सरकला.

"पंचहो, विचार करून सांगा. मोटार चालते का?"

पाटलांनी मिशी चोळली. मोटारीची पायरी पाहिली. तिथं त्यांची बसायची जागा झिजून चकचकीत झाली होती.

"त्याचं काय हाय पेशकारसाब," ते म्हणाले, "आज पोळा. आज सगळ्यायलाच सुट्टी. मोटार काही बंद न्हाई. रीतभात पाळून राहिली ती."

"बराबर," बाकीचे पंच म्हणाले.

"पाटील!" संतराम ओरडला. "काहून असं बोलून राहिले? डोळ्यानं दिसते न्हाई चालत म्हनून!"

पाटील त्याच्या कानाशी वाकले. "अरे येड्या, ती भंगारात गेली तं बाजाराला मी काय तुझ्या पाठीवर बसून जाऊ?"

पेशकारांनी फैसला उद्यावर टाकला. उद्या म्हणजे बैल पुन्हा जुंपलेले. संतराम मटकन खाली बसला.

पण उद्या यायच्या आधी आजचं ऊन वर आलं. मागं सगळ्या गावचे बैल खोळंबले. वाजंत्र्यांच्या गालांना कळ लागली. घरोघरी पुरणपोळ्या गार होत होत्या. कुणाचा तरी बैल कुणाच्या तरी बैलाला शिंग लावायला लागला, आणि गर्दीत दाबलेला हरण्या डोळे पांढरे करू लागला. संतरामला दुसरं काही दिसेना. हरण्याला वाट पाहिजे. वाटेत मोटार.

"हात लावा रे!" तो उठला. "बाजूला घेऊ हे धूड!"

आणि त्यानं मोटारीच्या पाठीला खांदा लावला.

हात लावा म्हटलं की आपल्याकडं कुणी का म्हणून विचारत नाही. गाडं रुतलं, हात लावा. छप्पर उचलायचंय, हात लावा. शेजाऱ्याच्या खांद्यापाशी खांदा गेला की माणसाला बरं वाटतं. सगळं गाव भिडलं. "बोला, हर हर महादेव!" मोटार हलली. बाजूला घ्यायची होती, पण बाजूला वेशीची भिंत. ती सरळ तोरणाखालून आत गेली, आंब्याची पानं साहेबांच्या मांडीवर पडली, वाजंत्र्यांना वाटलं मिरवणूक निघाली, त्यांनी वाजवायला घेतलं, आणि वाजायला लागल्यावर कोण थांबतो? मोटार भर्रकन मारुतीच्या पारापर्यंत गेली. इतकी जोरात ती बैलांनी कधी नेली नव्हती.

शकुबाई एकटी मागून ओरडत होती, "ढकलू नका रे! आरं ढकलू नका!" वाजंत्रीत कुणाला ऐकू गेलं नाही.

पेशकार धापा टाकत पारावर पोचले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चालली!"

संतरामही धावत आला. घामानं निथळत, पण चेहरा उजळलेला. "मालक, चालली न्हवं? बैलाबिगर चालली! मंग बैलं कशाला पायजे तुमाला?"

पेशकारांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब मांडीवरची पानं झटकत म्हणाले, "बात सही है."

"सबब फैसला होतो," पेशकारांनी पारावर चढून सांगितलं. "मोटार दुरुस्त झाली. जुनं इंजिन निकामी. ज्याचं त्यानं घेऊन जावं."

संतरामनं त्यांचे पाय धरले. गावानं टाळ्या पिटल्या. पाटील सगळ्यात जोरात. दुरुस्ती झाली, आणि सरकारला काही तोशीस पडली नाही.

"नवं इंजिन कोन्तं वो, पेशकारसाब?" गर्दीतून शकुबाईनं विचारलं.

पेशकार पाटलांच्या घराकडं निघाले होते. पुरणाचा वास येत होता.

त्या दिवशी हरण्या-गुलब्यानं पोळ्या खाल्ल्या, दावणीला बसले आणि डोळे मिटून रवंथ करू लागले. संतराम त्यांच्यापाशीच बसून राहिला. जिंकलेला माणूस कसा दिसतो ते बघायला शेजारीपाजारी येऊन गेले.

सकाळी पाटलांचा माणूस दारात उभा. "संतराम, मोटार निघायची हाय. पैली पाळी तुझी."

संतराम दावणीकडं वळला आणि हरण्याचं दावं सोडू लागला.

"बैलं राहू दे. ते भंगार हाय," तो माणूस म्हणाला. "तू चाल."

संतरामनं दावं तसंच हातात धरलं. मग परत खुंट्याला बांधलं. शकुबाई आतून वाटी घेऊन आली. खांदेमळणीचं लोणी उरलं होतं, हळद घातलेलं. तिनं नवऱ्याच्या खांद्यावरचा सदरा बाजूला केला आणि तो मळायला लागली.

"आगं, काय करून राहिली?"

"आवतन देऊन राहिले," ती म्हणाली. "उद्या जेवायला या म्हनलं असतं. पन तुमच्या पोळ्याचा दिवस पंचांगात दिसंना."

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. साहेबाची टोपी बदलली, फाटकावरची लिपी बदलली, मोटारीला नवा रंग दिला. झाकणाखालचा दांडा अजून तुटलेलाच आहे, पण तपासणीला कोणी आलं की मोटार चालू हालतीतच सापडते. पंच होय म्हणतात. आत बसलेल्यांना हात हलवत ती तुमच्याही गावावरून परवाच गेली, आणि ही गोष्ट वाचताना संतरामला तुम्ही पोटभर हसलात. हसा. फक्त एकदा खांदा चाचपून बघा. तिथं घट्टा नसेल, तर तुमची जागा पायरीवर आहे.